गुडघ्यालगतच्या नडगीचे भग्न : वर्गीकरण, प्रतीक्षा आणि शस्त्रक्रिया

(कोरेगाव भीमा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



गावच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेती किंवा सहकार यांपैकी एखादा विषय असावा असा संकेत रूढ आहे. असे असता गुडघ्याच्या सांध्यात शिरलेल्या नडगीच्या भग्नासारखा, वरवर पाहता वैद्यांच्या परिषदेतच शोभावा असा विषय मी मागून घेतला, याचे कारण हा विषय आपल्या वेशीवरून रात्रंदिवस वाहतो आहे. पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर भीमा ओलांडून या गावातून पुढे सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर असा अहिल्यानगरकडे जाणारा जो रस्ता आहे, ज्याला आपण अजूनही नगर रोड म्हणतो, त्याच्या दोन्ही अंगांस गेल्या काही दशकांत कारखाने उभे राहिले. पाळी बदलण्याच्या वेळी मोटारसायकलींची रांग या रस्त्यावर लागते. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या याच रस्त्याने अंधारातून सरकत असतात. आणि मोटारसायकलस्वाराच्या देहाचा जो भाग समोरून येणाऱ्या आघाताला सर्वांत पुढे असतो, तो म्हणजे त्याचा गुडघा होय.

मला आज मुख्यत्वे एकच गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती आरंभीच सांगून टाकतो. या भग्नाचे वर्गीकरण हाडाकडे पाहून करतात, आणि शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने व कशी करावी हे त्या वर्गीकरणावरून ठरते. परंतु शस्त्रक्रिया केव्हा करावी हे हाड ठरवीत नाही, ते हाडावरची त्वचा ठरविते. ही दुसरी गोष्ट समजावयास शल्यवैद्यांना कित्येक वर्षे लागली आणि त्या वर्षांची किंमत रुग्णांनी मोजली. म्हणून रुग्णाच्या आप्तांनाही ती माहीत असावी असे मला मनापासून वाटते.

या गावाला जखमींची स्मृती नवी नाही. १ जानेवारी १८१८ रोजी येथे जी लढाई झाली तीत ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टॉण्टनच्या तुकडीबरोबर विंगेट आणि वायली हे दोन साहाय्यक शल्यवैद्य होते; पैकी विंगेट त्याच दिवशी मारला गेला, आणि लढाईनंतर जखमींना शिरूरच्या छावणीत नेण्यात आले. नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीतील ज्या जयस्तंभापुढे १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर नतमस्तक झाले आणि जेथे दरवर्षी लक्षावधी लोक येतात, त्या स्तंभावर केवळ धारातीर्थी पडलेल्यांची नव्हे, जखमींचीही नावे कोरावीत असा हुकूम झाल्याचे तेथील लेखातच नमूद आहे. ज्याच्या गुडघ्यालगत गोळी लागून हाडाचा चुरा झाला त्याचा पाय मांडीतून कापणे, हाच त्या काळी जगभर मान्य असलेला इलाज होता, आणि तोही शुद्धीवर असलेल्या माणसावर. कारण ईथरची भूल बोस्टन शहरात प्रथम जाहीरपणे दिली गेली ती १८४६ साली. ग्लासगोच्या जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लाचा पहिला यशस्वी प्रयोग १८६५ च्या ऑगस्टमध्ये ज्या मुलावर केला, त्याचीही नडगीच मोडली होती, पायावरून गाडीचे चाक गेल्यामुळे. लिस्टरचे निबंध १८६७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय पुण्यात सुरू झाले. आज या रस्त्यावर जखमी झालेल्या गरिबाला शेवटी जेथे नेतात ते हेच ससून.

भग्नांचे वर्गीकरण करण्याची बुद्धी पश्चिमेकडूनच आली असा कोणाचा समज असल्यास तोही दूर केला पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार नावानिशी सांगितले आहेत. त्यांत चूर्णित आहे, तसेच हाडाचा तुकडा आत मज्जेत घुसतो तो मज्जानुगतही आहे, आणि या दोहोंचे मिश्रण म्हणजे आजच्या आपल्या विषयाचे निम्मे वर्णन होय. चिकित्सास्थानात मोडलेल्या पायासाठी खुंट्या ठोकलेल्या फळीवर रुग्णाला निजविण्याची तजवीज सांगितली असून, पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही आणि फार आवळली तर त्वचेस सूज, वेदना व पाक होतो, असा स्पष्ट इशाराही दिला आहे. ऋतुमानाप्रमाणे तीन, पाच किंवा सात दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा बांधावी, असे सांगणाऱ्या त्या ग्रंथकाराचे लक्ष हाडाइतकेच त्वचेवर होते, हे आपण ध्यानात ठेवावे.

आता गुडघ्याच्या रचनेकडे वळू. मांडीच्या हाडाची खालची दोन गोलाकार टोके नडगीच्या हाडाच्या वरच्या, रुंद व जवळजवळ सपाट भागावर टेकतात. या भागाला पठार म्हणतात. त्याचे दोन भाग आहेत : अंगठ्याच्या बाजूचा आतील भाग किंचित खोलगट, मोठा व बळकट असतो, करंगळीच्या बाजूचा बाहेरील भाग लहान, किंचित उंच व बहिर्वक्र असतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचा थर आणि कडेने अर्धचंद्राकृती गादी असते. कूर्चेखालचे हाड दगडासारखे भरीव नसून जाळीदार असते, आणि म्हणूनच वरून जबर दाब आला की जुन्या वाड्याचे माळवद मधोमध खचावे तसे हे पठार आत खचते. उभ्या माणसाचा पाय गुडघ्यापाशी स्वभावतःच किंचित बाहेर कललेला असतो, आघातही बहुधा बाहेरूनच येतो, आणि बाहेरील भाग दुबळा. या तीन कारणांनी बाहेरील पठार अधिक वेळा मोडते. आतील पठार मोडण्यास फार मोठा जोर लागतो, आणि तो जोर हाडापाशीच थांबत नाही.

सर्व भग्नांमध्ये या भग्नाचे प्रमाण सुमारे १ टक्का एवढेच आहे. ते दोन प्रकारच्या माणसांना होते. एक वेगाने जाणारा तरुण. दुसरी घराच्या पायरीवरून घसरलेली, हाडे ठिसूळ झालेली वृद्ध स्त्री. १९२९ साली कॉटन व बर्ग या अमेरिकन वैद्यांनी मोटारीचा पुढचा आडवा भाग पादचाऱ्याच्या गुडघ्यावर आदळून होणाऱ्या भग्नांचे वर्णन केले, आणि पुढे ‘बंपरचे भग्न’ हे नाव वैद्यकात रूढ झाले. मोटारीचे युग सुरू होताच तिने मानवी देहावर आपली खूण कोठे उमटविली, याचा तो पहिल्या दाखल्यांपैकी एक म्हणावा लागेल.

वर्गीकरणाच्या इतिहासात ज्याचे नाव प्रत्येक अस्थिशल्यविद्येच्या विद्यार्थ्याच्या तोंडी असते तो टोरोंटोचा जोसेफ शॅट्झकर. १९६८ ते १९७५ या काळात आपल्या रुग्णालयांत आलेल्या भग्नांचा अभ्यास त्याने सहकाऱ्यांसह १९७९ साली प्रसिद्ध केला आणि त्यांची विभागणी सहा वर्गांत केली. पहिल्या वर्गात बाहेरील पठाराची केवळ एक फाक सुटते. हाड घट्ट असलेल्या तरुणांत हे दिसते. दुसऱ्या वर्गात फाकही सुटते आणि तिच्या लगतचा पृष्ठभाग खाली खचतोही. तिसऱ्यात फाक नसते, निव्वळ खचणे असते, व तो बहुधा उतारवयात आढळतो. चौथा वर्ग आतील पठाराचा. येथे मला जरा थांबले पाहिजे, कारण चित्रात हा वर्ग पाचव्या-सहाव्याहून सौम्य दिसतो व अननुभवी डोळ्याला फसवितो. मघाशी म्हटल्याप्रमाणे आतील पठार मोडण्याइतका जोर लागला असेल, तर त्या क्षणी गुडघा बहुधा निखळून पुन्हा जागेवर आलेला असतो. आणि निखळताना गुडघ्यामागची मोठी रोहिणी ताणली वा फाटली गेली असण्याचा, बाहेरच्या बाजूने पावलाकडे जाणारी मज्जातंतूची दोरी ओढली गेली असण्याचा संभव असतो. म्हणून चौथ्या वर्गाचा रुग्ण समोर आला की क्ष-किरणचित्र बाजूस ठेवून प्रथम पावलावरची नाडी चाचपावी आणि पाऊल वर उचलता येते का हे त्याला विचारावे. पाचव्या वर्गात दोन्ही पठारे मोडतात, पण मधला काही भाग खालच्या हाडाशी सांधलेला राहतो. सहाव्यात तोही दुवा तुटून सांध्याचा संपूर्ण भाग नडगीच्या दांड्यापासून अलग होतो. ‘गुडघ्याखाली चुरा झालाय’ असे आपल्याकडे म्हणतात तो हा सहावा वर्ग.

या वर्गीकरणाचे मोठेपण असे की ते केवळ नावे देऊन थांबले नाही. प्रत्येक वर्गाबरोबर त्याच्या इलाजाची दिशा त्यात आपोआप सूचित झाली. फाक असेल तर तिला बाहेरून दाबून धरा. खचले असेल तर खालून उचला आणि पोकळी भरा. आतील भिंत कोसळली असेल तर तिला आतल्या बाजूने धिरा द्या. मात्र ते समोरून काढलेल्या साध्या क्ष-किरणचित्रावर आधारलेले होते, आणि समोरून पाहणाऱ्याला मागची भिंत दिसत नाही. पुढे हाउन्सफील्डच्या सी.टी. स्कॅन यंत्राने, ज्यावर पहिल्या रुग्णाची तपासणी १९७१ साली लंडनमध्ये झाली, देहाचे आडवे काप चित्रात दाखविण्याची सोय झाली. ती या भग्नाला नियमाने लागू होऊ लागल्यावर असे ध्यानात आले की दोन्ही पठारे मोडलेल्या कित्येक गुडघ्यांत मागच्या व आतल्या कोपऱ्याचा एक स्वतंत्र तुकडा सुटलेला असतो. समोरच्या चित्रात तो लपतो, आणि बाहेरच्या बाजूने बसविलेल्या धातूच्या पट्टीच्या (प्लेटच्या) स्क्रूंच्या पकडीत तो येत नाही. शांघायच्या लुओ यांनी २०१० साली याच आडव्या कापावरून पठाराचे बाह्य, आंतर व पश्च असे तीन स्तंभ कल्पिले आणि मोडलेला प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे बांधावा असा आग्रह धरला. कडा शाबूत राहून नुसतेच खचले असेल त्याला त्यांनी शून्य-स्तंभाचे भग्न म्हटले. त्यानंतर २०१८ साली शॅट्झकरने स्वतः कफुरी या सहकाऱ्यासह आपल्या वर्गीकरणाची फेरतपासणी केली. पठारावरून एक कल्पित विषुववृत्त काढून पुढची व मागची बाजू वेगळी केली, आणि भग्न कोठून सुरू होऊन कोठे बाहेर पडते हे नोंदविण्याची पद्धत घातली. आपल्या नावाने जगभर चाललेली व्यवस्था चाळीस वर्षांनी आपल्याच हाताने दुरुस्त करण्याची ही तयारी मला फार आदरणीय वाटते.

मागच्या स्तंभाचे महत्त्व आपल्या देशात अधिक आहे असे माझे मत आहे, आणि ते मी कारणासह मांडतो. गुडघा जसजसा वाकतो तसतसा मांडीच्या हाडाचा भार पठारावर मागे मागे सरकतो. जो समाज खुर्चीवर बसून जेवतो त्याच्या पठाराच्या मागच्या कडेवर तो भार क्वचितच पूर्णपणे येतो. पण खुरपणीसाठी दिवसभर उकिडवी बसणारी शेतकरीण, धार काढणारा गवळी, मांडी घालून पंगतीला बसणारा वारकरी, नमाज पढणारा मुसलमान बांधव, आणि घरोघरचे जुन्या पद्धतीचे शौचकूप या सर्वांना पठाराची हीच मागची कड लागते. तेव्हा पुढून सुरेख दिसणारे आणि मागे खचलेले पठार एखाद्या परदेशी रुग्णाला चालून जाईल. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला ते चालणार नाही.

हाडाविषयी एवढे सांगितल्यावर आता त्वचेकडे येतो.

नडगीच्या पुढच्या व आतल्या अंगाला त्वचेखाली स्नायू जवळजवळ नाहीच. बोटाने दाबले की हाड लागते. जो आघात हाडाचा चुरा करतो तो आधी या त्वचेतून गेलेला असतो. पहिल्या काही तासांत गुडघा फुगतो, त्वचा ताणून चकाकू लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिच्यावर पाण्याचे, कधी रक्ताचे फोड उठतात. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत, भग्न जोडण्याची नवी साधने हाती आल्याच्या उत्साहात, याच फुगलेल्या त्वचेवर मध्यभागी एकच लांब छेद घेऊन, दोन्ही बाजूंची त्वचा हाडापासून सोडवून, दोन जाड पट्ट्या बसविण्याची वहिवाट पडली. क्ष-किरणचित्रे उत्तम दिसत, आणि दोन आठवड्यांत जखम उकलून आतले लोखंड दिसू लागे. जंतुसंसर्गाचे प्रमाण काही अहवालांत इतके भयावह होते की दोन पट्ट्या ही पद्धतच त्याज्य होय, असे पुष्कळांनी ठरवून टाकले. दोष वस्तुतः पट्ट्यांचा नव्हता. मुहूर्ताचा आणि छेदाचा होता. सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयातील शल्यवैद्यांनी सूज उतरल्यावर, आणि एकाऐवजी बाहेरच्या व मागच्या-आतल्या बाजूने असे दोन वेगळे छेद घेऊन शस्त्रक्रिया केलेल्या ८३ रुग्णांचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७ जणांना खोल जंतुसंसर्ग झाला. हा आकडा लहान आहे असे मी म्हणणार नाही, परंतु पूर्वीच्या अनर्थाच्या मानाने तो फार मोठा पालट होता.

म्हणून आजची रीत अशी. जबर आघाताचा रुग्ण आला की पहिल्या दिवशी सांधा उघडावयाचा नाही. मांडीच्या हाडात दोन, नडगीच्या खालच्या भागात दोन अशा सळया, भग्नापासून व पुढील छेदांच्या जागेपासून दूर बसवून, बाहेरून दांड्यांनी जोडावयाच्या, म्हणजे पाय आपल्या लांबीवर येतो व स्थिर राहतो. नंतर पाय उंच ठेवून वाट पाहावयाची; बहुधा एक ते दोन आठवडे, क्वचित तीन. फोड सुकतात, चकाकी जाते, आणि एके सकाळी त्वचेवर बारीक सुरकुत्या दिसू लागतात. ती शस्त्रक्रियेची परवानगी होय. या काळात आप्तांची जी तळमळ होते ती मी पुष्कळ वेळा ऐकली आहे : ‘डॉक्टर, पोरगं आठ दिवस झाले नुसतं पडून आहे, पाय लोखंडात अडकवलाय, खाटेचा खर्च वाढतोय, मग ऑपरेशन कधी?’ त्या मातापित्यांना माझे सांगणे असते की हे दिवस वाया गेलेले नाहीत. ते उपचारातच जमा धरावेत. त्वचेच्या दुखापतीचीही प्रतवारी असते. बंद भग्नासाठी हानोव्हरच्या चेर्ने व ओस्टर्न यांची १९८२ सालची, आणि उघड्या भग्नासाठी गुस्टिलो व अँडरसन यांची १९७६ सालची. सहा वर्गांपैकी कोणता, एवढेच लिहून जो थांबला त्याने अर्धाच कागद लिहिला असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

या प्रतीक्षेला एक अपवाद आहे. पोटरीचे स्नायू चार बंद कप्प्यांत असतात. रक्तस्राव व सूज यांनी कप्प्यातला दाब वाढला की स्नायूंना रक्त मिळेनासे होते, आणि सुमारे सहा तासांत ते कायमचे मरू लागतात. याची मुख्य खूण घरच्या माणसालाही ओळखता येण्यासारखी आहे : पाय बांधून ठेवला, औषध दिले, तरी वेदना कमी होण्याऐवजी चढत जाते, आणि पायाची बोटे हळूच वर-खाली ताणली की रुग्ण ओरडतो. पावलावरची नाडी अशा वेळी लागत असते, म्हणून नाडीवर विसंबून राहणे घातक होय. तेथे वाट पाहावयाची नसते. त्याच रात्री कप्प्यांची आवरणे उभी चिरून मोकळी करावी लागतात व जखम काही दिवस उघडी ठेवावी लागते.

हाडवैद्यांविषयी येथे दोन शब्द बोलणे भाग आहे. तालमीत खांदा बसवून देणाऱ्या, मनगटाला लेप लावून कामट्या बांधणाऱ्या या मंडळींनी, जेव्हा तालुक्यात दवाखाना नव्हता तेव्हा खेड्यांची सेवा केली आहे, आणि त्यांच्याविषयी मी अनादराने बोलणार नाही. परंतु गुडघ्यालगतच्या या भग्नावर कामट्यांची घट्ट बांधणी म्हणजे आतून दाब वाढत असलेल्या कप्प्यांना बाहेरून आवळणे होय. त्यातून काळा पडलेला पाय आणि अखेर कापावा लागलेला पाय आमच्या व्यवसायातल्या बहुतेकांनी पाहिलेला आहे. सुश्रुताने आवळलेल्या पट्टीविषयी जे सांगितले तेवढे जरी आपल्या हाडवैद्यांनी पाळले, तरी कित्येक पाय वाचतील.

शस्त्रक्रियेचा तपशील मी थोडक्यात सांगतो. खचलेला पृष्ठभाग वरून ओढून येत नाही. खालच्या बाजूने हाडात लहानशी खिडकी करून, बोथट हत्याराने, कूर्चा न फोडता तो हळूहळू वर ठोकावा लागतो. तो वर आला की खाली पोकळी उरते, आणि ती तशीच ठेवल्यास पठार पुन्हा बसते. म्हणून कमरेच्या हाडातून काढलेला जाळीदार हाडाचा कीस किंवा कॅल्शियम फॉस्फेटचे सिमेंटासारखे मिश्रण तीत भरतात. कूर्चेच्या अगदी खालून आडवे स्क्रू ओळीने घालतात, तुळयांसारखे. बाहेरच्या भिंतीला पट्टीचा धिरा देतात. मागचा-आतला तुकडा असेल तर मागच्या छेदातून दुसरी लहान पट्टी. गादी फाटलेली असेल तर ती फेकावयाची नाही, शिवावयाची. पृष्ठभागात दोन-तीन मिलिमीटरची पायरी राहिली तर गुडघा बहुधा ती सहन करतो. परंतु पायाचा कल पाच अंशांहून अधिक बिघडला किंवा सांधा बाजूला डगमगत राहिला तर तो सहन करीत नाही. स्वीडनमधील रासमुसेनने १९७३ सालीच स्थैर्याला सर्वांत वर ठेवले होते, आणि पन्नास वर्षांच्या अनुभवाने त्याच्या म्हणण्याला दुजोराच मिळाला आहे.

त्वचा इतकी बिघडली असेल की आठवड्यांनीही छेद घेणे धोक्याचे, तर काय करावे? येथे सैबेरियातील कुर्गान गावच्या गाव्रिल इलिझारोव्हचे स्मरण केले पाहिजे. युद्धोत्तर काळात, जेमतेम साधनसामग्रीवर, ताणलेल्या बारीक तारा व लोखंडी कडी यांच्या योगाने हाड बाहेरून धरण्याची पद्धत त्याने सिद्ध केली. कॅनडातील अनेक रुग्णालयांनी मिळून पाचव्या-सहाव्या वर्गाच्या ८२ रुग्णांवर केलेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, दोन वर्षांअखेर कड्यांचे व पट्ट्यांचे गुडघे सारखेच चालत होते, मात्र कड्यांच्या बाजूला गंभीर उपद्रव कमी होते. ही विद्या महाराष्ट्रात रुजविण्यात मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी संपादिलेला अस्थिशल्यविद्येचा बृहद्ग्रंथ देशभरचे विद्यार्थी वाचतात, आणि तो मुंबई-पुण्यात नव्हे, मिरजेत सिद्ध झाला, याचा मला अभिमान वाटतो. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक सळया व सांधे यांची हलकी, अल्पमोली बाह्य-स्थिरीकरण व्यवस्था तयार केली. ती मुख्यतः हातासाठी व मुलांच्या वाकड्या पावलांसाठी प्रसिद्ध असली, तरी तिचा उपयोग गुडघ्यालगतच्या भग्नांतही झाला आहे. गरिबाचा पाय जपण्यासाठी गरीब देशात कल्पिलेल्या साधनांचे महत्त्व परदेशी पट्टीच्या चकाकीपुढे विसरले जाऊ नये.

शस्त्रक्रियेनंतरची कैफियत अशी. पूर्वी महिनोन् महिने प्लास्टरात घातलेला गुडघा हाड जुळूनही काठीसारखा ताठ होई. इंग्लंडच्या ॲपलीने १९५६ साली, वजन लावून पाय ताणलेला असतानाच गुडघा हलविण्याचा पुरस्कार केला, त्यामागे हीच चिंता होती. आज पहिल्या काही दिवसांतच गुडघा वाकविण्यास प्रारंभ करतात. पण त्या पायावर भार मात्र सहा ते बारा आठवडे द्यावयाचा नसतो. हलवा, परंतु टेकू नका, ही दुहेरी आज्ञा पाळणे ज्याला सर्वांत अवघड जाते तो म्हणजे ठेकेदारीवरचा कामगार. त्याला पगारी रजा नाही, घरभाडे थांबत नाही, आणि दीड महिन्याने तो लंगडत पाळीवर हजर होतो. महिन्याभराने त्याचे उचलून बसविलेले पठार पुन्हा खचलेले दिसते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून रुग्णालयाचा भार हलका होऊ शकतो. त्या तीन महिन्यांच्या चुलीचा बंदोबस्त मात्र तीतून होत नाही. कारखान्यांच्या व्यवस्थापकांपैकी कोणी येथे उपस्थित असतील तर त्यांना माझी विनंती आहे की अशा कामगाराला तीन महिने बसून करण्याचे काम द्यावे. शल्यवैद्याच्या हातून जे होत नाही ते एवढ्याने होईल.

निकाल मोजण्याच्या पद्धतीविषयीही माझी तक्रार आहे. रासमुसेनच्या ३० गुणांच्या पत्रकात वेदना, चालणे, पाय सरळ होणे, वाकणे व स्थैर्य यांना गुण आहेत. जमिनीवर बसता येते का, हा प्रश्न त्यात नाही. तो आपण आपल्या पत्रकात घातला पाहिजे. गुडघा अखेर बदलावा लागेल का, ही भीती पुष्कळांच्या मनात असते. ऑण्टेरिओ प्रांतातील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास सांगतो की दहा वर्षांत ७.३ टक्क्यांना कृत्रिम गुडघा बसवावा लागला. त्याच वयाच्या, भग्न न झालेल्या लोकांत हे प्रमाण १.८ टक्के होते. म्हणजे धोका वाढतो हे खरे, पण दहा वर्षांनीही शंभरांतले नव्वदाहून अधिक लोक स्वतःच्याच गुडघ्यावर चालत असतात. ज्यांच्यावर ती वेळ येते त्यांच्यासाठी पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ हा भारतीय बनावटीचा गुडघा सिद्ध करून ठेवला. २०१२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, त्यामागे अशी कामे होती.

रस्त्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासाबद्दल थोडे. पाय ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत, मांडीपासून घोट्यापर्यंत पुरेल अशी फळी, दोन्ही बाजूंस कापडाची घडी घालून, सैलसर बांधावी. गुडघ्यावर गाठ येऊ देऊ नये. पाय ओढू नये, चोळू नये, तेल लावू नये. जखम उघडी असेल तर स्वच्छ कापडाने झाकावी आणि आत हळद वा माती जाऊ देऊ नये. २०१४ पासून राज्यात चालू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस बोलवावे. मदत करणाऱ्यास साक्षीदार म्हणून अडकवतील ही भीती आता निराधार आहे; मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अशा माणसाला संरक्षण दिले असून, आपले नाव-गाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

राहिला तो प्रश्न जो प्रत्येक रुग्ण सहा महिन्यांनी विचारतो : आतली प्लेट काढावयाची का? टोचत नसेल, पू नसेल, गुडघा नीट वाकत असेल, तर काढू नये. ती काढण्यासाठी त्याच त्वचेतून पुन्हा जावे लागते. ज्यांची टोचते त्यांनी दीड-एक वर्ष जाऊ द्यावे, हाड पुरते जुळल्याची चित्रातून खात्री करून घ्यावी, आणि मग विचार करावा.  कोणी जुनी चित्रे बरोबर आणली असतील तर ती पाहण्यासाठी मी सभा संपल्यावर येथेच थांबणार आहे.